पीआरची फाइल अर्ध्यात आणि बाळ वाटेवर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. राहायला पिंपळे सौदागर, नवरा-बायको दोघं आयटीत, एक्सप्रेस एंट्रीतून (कुशल नोकरदारांची गुणांवर निवड करणारी पद्धत) कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज भरून झालाय, बायोमेट्रिक झालंय, तुमचं मेडिकलही झालंय. मिसेसना सहावा महिना लागलाय, म्हणून त्यांचा छातीचा एक्स-रे राहिलाय. टोरांटोतला मित्र म्हणतो, "आत्ता काही कळवू नका, फाइल लटकेल. आधी लँड व्हा (तिकडे उतरून पीआर व्हा), बाळाला मागून स्पॉन्सर करा." सासूबाईंचं म्हणणं, बाळ वर्षभर सांगलीला आमच्याकडे राहील, तुम्ही तिकडे बस्तान बसवा. आणि तुमचा थेट प्रश्न: बाळामुळे अर्ज नाकारला जाईल का?

नाही जाणार. मी पुण्यात बसून याच फाइल्स करते, परवानाधारक सल्लागार म्हणून, आणि गरोदरपण मध्ये आलेली फाइल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. बाळामुळे तुमचे सीआरएसचे, म्हणजे निवडीच्या क्रमवारीचे, गुण कमी होत नाहीत, कारण मुलांचा त्या गुणांशी संबंधच नाही. चौदा वर्षांखालच्यांना बायोमेट्रिक नाही. पीआरच्या हक्कासाठी मोठ्यांना जी वेगळी फी पडते, ती अवलंबून असलेल्या मुलांना पडत नाही, फक्त प्रोसेसिंगची फी भरायची. म्हणजे बाळाची भर फाइलला जड नाही. जड आहे ते बाळ फाइलच्या बाहेर राहणं, आणि तुमचा मित्र तुम्हाला नेमकं तेच करायला सांगतोय.

कॅनडाच्या नियमांत एक कलम आहे, ११७(९)(ड). तुम्ही पीआर होता त्या क्षणी तुमचं जे मूल अस्तित्वात आहे, पण अर्जात दाखवलेलं नाही आणि ज्याची तपासणी झालेली नाही, ते मूल पुढे 'फॅमिली क्लास'मधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून, तुम्हाला स्पॉन्सर करता येत नाही. उशिरा येतं, दंड भरून येतं, असं नाही. तो रस्ताच बंद होतो. मग उरतो तो मानवतेच्या आधारावर विशेष विनंतीचा मार्ग. त्यात अधिकाऱ्याच्या मर्जीवर बरंच असतं आणि दरम्यान मूल इकडे, आईबाप तिकडे. शिवाय माहिती लपवली असा ठपका आला तर कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी लागू शकते, ती वेगळीच. २०१९ मध्ये या कलमातून थोडी सूट देणारी एक योजना सुरू झाली हे खरं, आणि लोक ती मला मोबाइलवर दाखवतातही. पण ती निर्वासित म्हणून आलेल्यांसाठी आणि जे स्वतः नवरा, बायको किंवा मूल म्हणून स्पॉन्सर होऊन आले त्यांच्यासाठी आहे. एक्सप्रेस एंट्रीवाले तिच्यात बसत नाहीत.

अशी जोडपी माझ्यासमोर येऊन बसलेली आहेत. बाळ जन्मलेलं, व्हिसा हातात, तिकिटं काढलेली, कुणीतरी सांगितलं "नंतर बघू", आणि विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, घरात काही बदल झालाय का, तेव्हा "नाही" म्हणून मोकळे झाले. त्या एका शब्दाची किंमत मग वर्षानुवर्षं मोजत बसावी लागते. म्हणून तुमच्या मित्राचा सल्ला मी केवळ चुकीचा म्हणणार नाही, तो धोकादायक आहे. त्याने वाईट हेतूने दिलेला नसेल. तिकडे बसलेल्या बऱ्याच जणांना आपली स्वतःची फाइल तेवढी माहीत असते.

आता तुमच्या बाबतीत काय करायचं ते कशाकशावर ठरतं ते बघू. मुख्य अर्जदार कोण आहे, तुम्ही की मिसेस? पुण्यातल्या आयटी जोडप्यांत बायकोचे गुण जास्त म्हणून तिच्या नावाने अर्ज असणं आता अगदी सर्रास आहे, आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही. मुख्य अर्जदाराने आधी किंवा सगळ्यांबरोबर कॅनडात शिरायचं असतं. बाकीच्यांनी त्याच्या आधी जायचं नसतं. मिसेस मुख्य अर्जदार असतील तर "मी आधी जाऊन नोकरी बघतो" हा बेत आपोआप बाद. दुसरं, तुम्ही कुठल्या प्रांतात जाणार. तिसरं, मिसेसच्या नोकरीत प्रसूतीची रजा काय आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांची तब्येत कशी आहे, ज्यावर मी बोलायचं नाही, त्यांच्या डॉक्टरांनी बोलायचं.

एवढं धरून सांगते: तुमच्यापुढे स्वच्छ रस्ते दोनच आहेत. एक, बाळ जन्मायच्या आत दोघांनीही जाऊन लँड व्हायचं. दोन, बाळ जन्माला येऊ द्यायचं, त्याला फाइलमध्ये घ्यायचं आणि तिघांनी मिळून जायचं. मधली जी काही गल्लीबोळं आहेत, तिथे माणसं अडकतात.

पहिला रस्ता आधी बघू. बाळ कॅनडात जन्मलं तर ते जन्मानेच कॅनडाचं नागरिक, मग फाइलचा प्रश्नच मिटला. ऐकायला छान वाटतं. पण हिशेब मांडा. मिसेसचा एक्स-रे बाकी आहे. गरोदर बाईसमोर दोन पर्याय असतात: पोटावर संरक्षक कवच घेऊन, लेखी संमती देऊन एक्स-रे काढायचा, किंवा तो बाळंतपणानंतरवर ढकलायचा. ढकलला तर फाइल तिथेच थांबते, म्हणजे पहिला रस्ता संपला. काढला तर मेडिकल पूर्ण होऊन निर्णय यायला अजून वेळ, मग पासपोर्ट व्हीएफएसकडे (व्हिसाचे कागद घेणारं केंद्र), मग शिक्का. एक्सप्रेस एंट्रीचं सहा महिन्यांचं जे उद्दिष्ट ते सांगतात ते उद्दिष्ट आहे, वचन नाही. इकडे बहुतेक विमानकंपन्या साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागायला लागतात आणि ३६ च्या आसपास तर नेतच नाहीत. सहावा महिना चालू असलेल्या बाईसाठी ही खिडकी फारच अरुंद आहे.

आणि समजा साधलं, तरी तिकडे उतरल्यावर काय? आठव्या महिन्यात, फेब्रुवारीच्या बर्फात, भाड्याचं घर शोधत फिरायचं. प्रांताच्या आरोग्यसेवेचं गणित वेगळंच. ओंटारिओने तीन महिन्यांचा थांबण्याचा काळ २०२० मध्ये काढून टाकला, तिथे पीआरवाल्याला लगेच अर्ज करता येतो. ब्रिटिश कोलंबियात मात्र आल्याचा उरलेला महिना आणि वर दोन महिने असा थांबण्याचा काळ आहे. त्या काळात बाळंतपण झालं तर खर्च खिशातून, कारण आधीपासूनचं गरोदरपण खासगी विम्यात सहसा बसत नाही. मी असं म्हणत नाही की कुणीच जाऊ नये. तिसऱ्या महिन्यात व्हिसा हातात आलेल्या, तिकडे सख्खी बहीण असलेल्या जोडप्याला मी "जा" म्हटलेलं आहे. तुमच्या जागी मी असते तर दुसरा रस्ता धरला असता.

त्याआधी तो "मी एकटा आधी जातो" वाला बेत निकालात काढू, कारण पुण्यात हा प्रश्न मला सतत विचारतात. समजा तुम्ही मुख्य अर्जदार, दोघांचेही व्हिसा आले, तुम्ही सातव्या महिन्यात एकटेच जाऊन लँड झालात. बाळ नंतर सांगलीत जन्मलं. तुम्ही लँड झालात तेव्हा बाळ नव्हतं, म्हणून त्या कलमात तुम्ही सापडत नाही, हे बरोबर. पण तुम्ही पीआर झालात की ती फाइल तुमच्यापुरती बंद झाली, बाळ आता तिच्यात घालता येत नाही. त्याला वेगळं स्पॉन्सर करावं लागेल, आणि पीआर असलेल्या माणसाला स्पॉन्सर करायचं तर कॅनडातच राहावं लागतं. इकडे मिसेसच्या पीआरच्या कागदाला शेवटची तारीख आहे. ती साधारणपणे मेडिकल किंवा पासपोर्ट यांतलं जे आधी संपेल त्यावर ठरते आणि मेडिकल बारा महिन्यांचं असतं. म्हणजे एका ओल्या बाळंतिणीला अंगावरचं बाळ ठेवून तारखेच्या आत कॅनडा गाठायचं, किंवा आपला पीआर सोडून द्यायचा. शिवाय तिच्या बाजूने घरात बदल झालाय तो तिने आधी कळवायलाच हवा, ते राहिलं तर ती त्या कलमात सापडणार. सुरुवातीला हुशारीचा वाटणारा हा बेत घराचे तीन तुकडे करून ठेवतो.

सासूबाईंच्या बोलण्यात प्रेम आहे आणि त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त त्यांना एक सांगा. बाळाला तूर्त इकडे ठेवायचं ठरलं, तरी बाळाचं नाव अर्जात जाणारच आणि बाळाचं मेडिकलही होणारच. "सोबत येणार नाही" असं दाखवलं तरी तपासणी चुकत नाही. म्हणजे वेळ काही वाचत नाही. मग व्हिसा बाळालाही घेतलेला काय वाईट? नंतर तुम्ही दोघं कॅनडाचे पीआर आणि बाळ भारतात, अशा स्थितीत बाळाला साधा व्हिजिटर व्हिसा मिळवणंही कटकटीचं होतं. आजीला नातवाजवळ राहायचं असेल तर तिला तिकडे बोलावणं जास्त सोपं आहे.

तर दुसरा रस्ता. यात तुमची पहिली चिंता आपोआप सुटते: एक्स-रे. बाळ जन्मल्यावर त्याचं मेडिकल व्हायचंच आहे, तोवर फाइल पूर्ण होत नाही. मग गरोदरपणात घाई करून एक्स-रे काढण्यात फायदा कसला? बाळंतपणानंतर आईचा एक्स-रे आणि बाळाची तपासणी एकाच सुमारास उरकता येते. पॅनेलवरच्या (कॅनडाने मान्यता दिलेल्या) डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते त्यांच्या सिस्टिममध्ये एक्स-रे पुढे ढकलल्याची नोंद करतात. तान्ह्या बाळाच्या तपासणीला घाबरू नका. एक्स-रे अकरा वर्षांपासून पुढे, लघवी पाच वर्षांपासून, रक्त पंधरापासून. तान्ह्याला फक्त वजन, उंची, डोक्याचा घेर आणि डॉक्टरांनी बघणं.

आणि आत्ताच, बाळंतपणाची वाट न बघता, कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवर कळवून टाका: अर्ज क्रमांक, पत्नी गरोदर आहे, अपेक्षित तारीख अमुक, म्हणून एक्स-रे पुढे ढकललाय, जन्मानंतर बाळाला अर्जात समाविष्ट करायचंय. चार ओळी, डॉक्टरांचं एक पत्र जोडा. "कळवलं तर फाइल लटकेल" ही भीती मला समजते, पण एक्स-रे नसल्यामुळे ती तशीही लटकलेलीच आहे. कारण माहीत असलेली फाइल अधिकाऱ्याला बरी वाटते. नाहीतर मेडिकल का आलं नाही म्हणून पत्र येणार, उत्तराला मुदत असणार, आणि ते पत्र नेमकं तुम्ही दवाखान्यात असताना येणार.

आता मी जिथे जास्त वेळ घालवते तिथे येते, म्हणजे जन्मदाखला आणि पासपोर्ट. कॅनडाचं ऑफिस तुमची फाइल अडवतं त्यापेक्षा आपले इथले कागद जास्त अडवतात, आणि ते अडतात ते जन्माच्या दिवशी भरलेल्या एका फॉर्ममुळे.

पहिलं बाळंतपण म्हणून मिसेस सांगलीला माहेरी जाणार असं दिसतंय. जन्माची नोंद जिथे जन्म होतो तिथे होते, तुमच्या राहत्या पत्त्यावर नाही. म्हणजे दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा नाही, सांगलीकडचा येणार. त्याने बिघडत काहीच नाही, फक्त दुरुस्तीसाठी दर वेळी सांगली गाठावी लागेल हे लक्षात ठेवा. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, ती दवाखाना करतो. तुमचं काम म्हणजे दवाखान्याच्या फॉर्मवर काय लिहिलं जातंय ते स्वतः बघणं. त्या दिवशी तुम्ही पेढे वाटत असता आणि फॉर्म मेव्हणा भरतो. हे होऊ देऊ नका.

त्या फॉर्मवर दोन जागा निसरड्या आहेत. एक आईचं नाव. दवाखान्यात नाव घातलं जातं ते आधार कार्डावरून किंवा कंपनीच्या मेडिक्लेमवरून, आणि तिथे लग्नानंतरचं नाव असतं. पासपोर्ट मात्र कॉलेजातून निघालेला, माहेरच्या नावाचा. कॅनडाचा अर्ज पासपोर्टवरच्या नावाने. मग दाखल्यावरची आई आणि अर्जातली आई या कागदावर दोन वेगळ्या बायका होतात. जन्माच्या नोंदीत आई-वडिलांची नावं पासपोर्टप्रमाणे, स्पेलिंगसकट, लिहून द्या. पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स आतापासून बाळंतपणाच्या पिशवीत ठेवा, मिसेस सांगलीला जातील तेव्हा बरोबर जाऊ देत. नोंदीत चूक झालीच तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि हेलपाटे लागतात.

दुसरी जागा बाळाच्या नावाची. आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी, पत्रिका बघून, आत्याच्या तोंडून. त्यामुळे दवाखान्याच्या फॉर्मवर ती जागा रिकामी राहते आणि दाखला बिननावाचा निघतो. कायद्याने हे चालतं, नाव नंतर घालता येतं, एका वर्षाच्या आत तर फीही लागत नाही. पण पासपोर्टला बिननावाचा दाखला उपयोगाचा नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्टला जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. माझा सल्ला असा की नाव दोघांनी आधीच ठरवून ठेवा, मुलाचं एक आणि मुलीचं एक, इंग्रजी स्पेलिंगसकट. फॉर्ममध्ये ते घाला. बारशाला तेच कानात सांगा, आत्याचा मान कुठे जात नाही. अक्षर पत्रिकेवरूनच यायला हवं असा घरात आग्रह असेल तर दवाखान्याला विनंती करा की नोंद बारशानंतर पण २१ दिवसांच्या आत पाठवा. काही दवाखाने ऐकतात, काही नाही.

नावाबरोबर वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही, हे दाखल्यावर, पासपोर्टवर आणि अर्जात सगळीकडे एकसारखं ठेवा. तुमच्या स्वतःच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात जोडलेलं असेल तर बाळाचंही तसंच ठेवलेलं बरं. आणि दाखला मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत असल्याची खात्री करा. फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागेल.

पासपोर्टसाठी पुण्याला येण्याची सक्ती नाही. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, त्यामुळे माहेराजवळचं पोस्टातलं केंद्र चालतं. पुण्यात यायचं ठरलं तर मुंढव्याचं सेवा केंद्र. बाणेरला आहे ते प्रादेशिक कार्यालय, काही अडकलं तरच तिकडे जायचं. बाळाला प्रत्यक्ष न्यावं लागतं. सव्वा महिना बाहेर काढायचं नाही असं घरात असेल तर तेवढे दिवस वेळापत्रकात धरा, उगाच भांडण नको. आई-वडिलांची मिळून सही असलेलं परिशिष्ट 'डी', दोघांचे पासपोर्ट, दाखला आणि चार वर्षांखालच्या मुलांसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा छापील फोटो. तुमच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं जोडीदार म्हणून नसतील तर पोलिस व्हेरिफिकेशन लागू शकतं, ते आत्ता तपासा. फोटोचं म्हणाल तर तान्ह्याचे डोळे उघडे, तोंड मिटलेलं आणि मागे कुणाचा हात नाही असा फोटो ही एक साधनाच आहे. पांढऱ्या चादरीवर झोपवून, दूध पाजल्यावर लगेच, वरून काढा. स्टुडिओवाल्याला घरी बोलावण्यापेक्षा हे बरं जमतं.

पण पासपोर्ट येईपर्यंत कॅनडाला कळवायचं थांबू नका. दाखला हातात आला की त्याच दिवशी वेबफॉर्म: बाळाचा जन्म झाला, नाव, तारीख, दाखला जोडला आहे, पासपोर्ट मागाहून पाठवतो. मग ते बाळासाठीचे फॉर्म मागतात, सहसा आयएमएम ०००८ आणि कुटुंबाच्या माहितीचा ५४०६, फी भरल्याची पावती आणि बाळाच्या मेडिकलचं सूचनापत्र. ते सूचनापत्र आल्याशिवाय पॅनेलवरच्या डॉक्टरकडे बाळाला घेऊन जाऊ नका. फॉर्मवर कुटुंबातली माणसं आता तीन, हे दोघांच्याही ५४०६ वर दिसलं पाहिजे. एकाच्या फॉर्मवर बाळ आणि दुसऱ्याच्या नाही, हे मी पाहिलेलं आहे.

इथवरचा क्रम एकदा सांगते म्हणजे गोंधळ नको: आत्ता गरोदरपण कळवा, नाव आणि स्पेलिंग ठरवा, जन्मानंतर दाखला, दाखल्याबरोबर लगेच दुसरी सूचना, मग पासपोर्ट, मग आईचा एक्स-रे आणि बाळाची तपासणी, मग निर्णय. कागद पहिल्या फटक्यात बरोबर निघाले तर जन्मापासून बाळाचं मेडिकल होईपर्यंत दोन-तीन महिने धरा. त्यापुढचं आपल्या हातात नाही.

पैशाचं एक राहिलं. तुम्ही एक्सप्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या गटातून गेला असाल तर बस्तान बसवण्यापुरती रक्कम दाखवावी लागते आणि ती कुटुंबाच्या आकारावर ठरते. २०२४ मध्ये दोघांसाठी १८,२८८ आणि तिघांसाठी २२,४८३ कॅनेडियन डॉलर होते. हे आकडे दर वर्षी बदलतात, तेव्हा तुमच्या वेळचे बघा, पण फरक किती पडतो त्याचा अंदाज येईल. बाळ सोबत येणार नसलं तरी मोजलं जातं. नावावर असलेला फ्लॅट यात धरत नाहीत, मोकळी रक्कम लागते. वडिलांनी दिली तर चालते, पण बक्षीस म्हणून दिल्याचं पत्र (गिफ्ट डीड) करून द्या आणि ती कर्ज नाही हे त्यात यायला हवं. डिलिव्हरीच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम खात्यात येऊन पडण्यापेक्षा आत्ताच ती आणून ठेवलेली चांगली, कारण बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही लागते.

थांबण्यात काय जातं, याचाही प्रामाणिक हिशेब करू. तुमचं मेडिकल बारा महिन्यांचं, ते मध्ये संपलं तर परत करावं लागेल, म्हणजे थोडा खर्च आणि एक शनिवार. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेची मुदत संपेल ही भीती नको, निकाल अर्ज भरला त्या दिवशी वैध असला की झालं. उलट बाजूला, मिसेसची नोकरी चालू असेल तर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणाचा काही खर्च निघतो, आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी इथेच होतात. माझ्या मते हे थांबणं तोट्याचं नाही. तेवढं एक मात्र पाळा: व्हिसा हातात पडेपर्यंत दोघांपैकी कुणीही राजीनामा देऊ नका. लोक नोटीस पीरियडचा हिशेब करून आधीच कागद टाकतात आणि मग मेडिक्लेम नसलेलं बाळंतपण करतात.

कुणी या प्रश्नाच्या शोधात दुसऱ्या देशाचं वाचत असेल तर धोका तोच असला तरी नियम वेगळे आहेत, सरसकट लावू नका. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसात अर्ज भरल्यानंतर आणि निर्णयाच्या आधी जन्मलेलं बाळ आई-वडिलांच्याच अर्जात आलं असं नियम धरतो, वेगळी फी नाही, पण फॉर्म १०२२ ने कळवायचं आणि मेडिकल करायचं. व्हिसा मंजूर झाल्यावर इकडे जन्मलेल्या बाळाला मात्र वेगळा चाइल्ड व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून तिकडे गरोदरपणात मंजुरी लवकर यावी अशी प्रार्थना करायची नसते. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसात उलट आहे: आई-वडिलांचा व्हिसा निघाल्यानंतर जन्मलेलं बाळ, त्या व्हिसाच्या मुदतीत त्यांच्याबरोबर गेलं तर, जन्मदाखला आणि पासपोर्टवर वेगळ्या व्हिसाशिवाय आत घेतलं जातं. एच-वनवर (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर) जाणाऱ्यांना ही सवलत नाही, बाळाला स्वतःचा एच-फोर (कुटुंबीयांचा व्हिसा) काढावा लागतो.

तुमच्याकडे परत येते. तुमची फाइल कुणी एजंट बघत असेल आणि त्यानेही "नंतर बघू" म्हटलं असेल, तर त्याचा परवाना विचारा. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देणारा माणूस तिथला वकील किंवा तिथल्या सल्लागारांच्या कॉलेजचा सदस्य असावा लागतो. ही यादी कॉलेजच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. अर्जावर प्रतिनिधी म्हणून त्याचं नाव नसेल आणि तुमच्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे असेल, तर आज रात्रीच बदला. बाळाची सूचना तुम्ही पाठवलीत आणि त्याने परस्पर "बदल नाही" असं उत्तर दिलं, तर सही तुमचीच धरली जाते.

मुख्य अर्जदार कोण आणि प्रांत कुठला, एवढं कळवा. आणि मिसेसच्या पासपोर्टवर कुठलं नाव आहे तेही बघून सांगा. ते माहेरचं असेल आणि तो पासपोर्ट आता लग्नानंतरच्या नावाने बदलून घ्यावा असं कुणी सुचवत असेल, तर फाइल चालू असताना तो उद्योग करू नका, मला आधी विचारा.